परगावी झिजलेलं नाणं

एल्साबाईंमुळे मी इथे टिकलो. आमच्या हॉटेलातली लाँड्री त्या सांभाळतात, मी भांडी घासतो. आठवीत शाळा सोडलेली, भाषा मोडकी; स्वित्झर्लंडमध्ये आपलं काही खरं नाही, असं वाटून मी परत निघालो होतो. ते सांगायला गेलो, तर बाई इस्त्रीच्या टेबलावर जमवलेली जुनी चिल्लर मांडून बसलेल्या. तीन-चारशे वर्षांपूर्वीची, नखाएवढी, पापडासारखी पातळ. तेव्हा इथल्या प्रत्येक प्रांताचं नाणं वेगळं असायचं आणि शेजारच्या प्रांतात लोक ते घ्यायला कुरकुरायचे.

एका नाण्यावरचं अस्वल, म्हणजे बर्न प्रांताची खूण, पार पुसलं होतं.

"हे तर वाया गेलं," मी म्हणालो.

"वेडाच आहेस! हे सापडलं पार दुसऱ्या प्रांतात, ल्युसर्नकडे. तिथे कुणी घेतलंच नसतं, तर इतकं झिजलं असतं का रे?"

मी ते बोटांनी चाचपत राहिलो. किती पाववाल्यांपुढे ते घाबरत घाबरत सरकलं असेल, आणि कुणीतरी मुकाट्याने ठेवून घेतलं असेल! परत जायचं बोलणं राहूनच गेलं.

गावी जाईन तेव्हा आठवडी बाजारात शोधून बाईंसाठी तांब्याची एक जुनी शिवराई आणणार आहे. जिची अक्षरं पुसट झालेली असतील, तीच घेईन.