गाडी फक्त सर्जेरावचं ऐकायची

सर्जेराव शेवटचं काय बोलला, असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी बरं सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर दवाखान्यात तो म्हणाला, "जावा, चा पिऊन या." खाटेजवळ मी होतो, आमचा ड्रायव्हर मारुती होता. सर्जेरावनं आधी मारुतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ हलले... आणि तेवढंच म्हणाला. आम्ही दोघं खाली जाऊन चहा घेऊन आलो तर त्याला झोप लागली होती. त्या झोपेतून तो उठलाच नाही. याला काहीतरी बोलायचं होतं, मग मला बाहेर कशाला घालवलं, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात वळवळतोय.

आम्ही शिवाजी पेठेतले शेजारी, आणि एका जुन्या ट्रकचे भागीदार. कोडोलीचा गूळ, आजऱ्याचे काजू, मिळेल तो माल. गाडी तो चालवायचा, भाड्याची बोलणी मी करायचो, आणि उरलेला वेळ त्याच्या शेजारच्या सीटवर बसून बडबडायचो. संशय हा त्याचा स्वभावच. दूध वास घेतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. हॉटेलात पहिल्या घासाला म्हणायचा, "रस्सा कालचा हाय." फुटबॉलच्या मैदानावर आपली पेठ हरायला लागली, की पंचाची सासुरवाडी कुठली याची चौकशी सुरू. मीही त्यातलाच. आमची दोस्ती टिकली, ती आम्ही दोघं मिळून जगावर संशय घेत होतो म्हणूनच, असं मला आपलं वाटायचं.

आणि गाडी? ती फक्त सर्जेरावचं ऐकायची. एकदा आजऱ्याला काजूच्या कारखान्याच्या आवारात हा जेवायला गेलेला, आणि तिथल्या माणसांना गाडी बाजूला घ्यायची होती. किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन काही धरायचं नाही. सर्जेराव हात पुसत आला. म्हणाला, "गर्दी बघून बुजतीया ती. जावा, चा पिऊन या समदी. तात्या, तू बी जा." आमच्या हातात ग्लास येतोय तोवर गाडी सुरू! पेठेत ही गोष्ट मी तिखटमीठ लावून किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. पुढं त्याचे गुडघे गेले आणि मारुती गाडी चालवायला आला. तरी रोज सकाळी सर्जेराव येणार, मारुतीला चहाला पाठवणार, माझ्या बाजूच्या दारानं कसाबसा वर चढून उदबत्ती लावणार, मगच गाडी हलणार. माणूस देवभोळा झाला, असं मी म्हणायचो.

सर्जेराव दवाखान्यात गेल्यापासून उभी असलेली गाडी मारुतीनं दिवसकार्य उरकल्यावर काढली. सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि गप. मग किती किल्ली फिरवा, सेल्फ नुसता कण्हतोय. माझा संशय सरळ मारुतीवर गेला. कारण आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, "तात्या, आता ही भंगारात घाला, नवी घेऊया की."

भर चौकात मी त्याला म्हणालो, "तूच काहीतरी केलंयस."

"सर्जेरावअण्णांच्या फोटोवर हात ठेवून सांगतो तात्या, म्या बोट बी लावलं न्हाय."

"फोटोवर हात कोण बी ठेवतंय."

मारुतीनं किल्ली माझ्या हातात दिली आणि तो चालता झाला.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकीत काठी घालून बघितली, डिझेल भरपूर होतं. बोटावर घेऊन वास घेतला, भेसळ नव्हती. फिल्टर साफ होता. मग पंपाजवळचा नट ढिला करून हातपंप मारला, तर एक थेंब येईना. "टाकीत हाय, पंपाला न्हाय. मधीच कोणतरी गिळतंय," असं म्हणून तो गाडीखाली शिरला आणि पाइपावरून हात फिरवत पुढं सरकत गेला. मी वर माझ्या सीटवर बसून त्याच्यावरही लक्ष ठेवून होतो. खालून आवाज आला, "ही पाइप वर कुठं गेलीया? तात्या, जरा उठा बघू."

मी उठलो. त्यानं माझी सीट उचलली. खाली डिझेल बंद करायचा पितळी कॉक, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, आणि शेजारी उदबत्तीचा पुडा. कॉक उघडला, पाइपात अडकलेली एअर काढली आणि गाडी पहिल्या झटक्यात धडधडायला लागली. इतकी वर्षं हा माणूस गाडी बंद करून जात होता, आणि मला पत्ता नाही! सगळ्या जगावर घ्यायचा तो संशय माझ्यावरही होता तर... मला फार लागलं ते.

तसाच त्याच्या बायकोकडं, शालनवहिनींकडं गेलो. सर्जेराव गेल्यापासून घरात बसलेली ती बाई ऐकता ऐकता खुदकन हसली. म्हणाली, "तरीच! गाडी अशी उघड्यावर ठेवतासा, कुणी नेली तर, असं मी इचारलं की म्हणायचं, तात्याच्या बुडाखाली कोण हात घालतंय?"

"मग मला का सांगितलं न्हाय वहिनी?"

"तुमच्या पोटात कवा काय ऱ्हायलंय, भाऊजी?"

संध्याकाळी मारुतीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर चुकलो म्हणालो. तो भला माणूस, लगेच शर्ट चढवून निघाला. वाटेत त्यानं विचारलं, "पर झालतं काय गाडीला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय न्हाय, एअर धरलीती." मारुतीवर आता माझा तिळभर संशय नाही. घराची किल्लीसुद्धा त्याच्याकडं देईन. तरी नाही सांगितलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

आता रोज सकाळी मी वर चढतो, उदबत्ती लावतो आणि मारुतीला म्हणतो, "जा, चा पिऊन ये." तो माझ्याकडं जरा रोखून बघतो आणि जातो. वहिनी म्हणतात ते खोटं नाही, माझ्या पोटात काही राहत नाही. बघा, हे लिहून बसलो. म्हणून छापून यायच्या आधीच मिस्त्रीकडून कॉकची जागा बदलून घेतलीय. माझ्या सीटखाली आता काही नाही. कुठं बसवला ते सांगणार नाही... एवढंच सांगतो, भरवशाच्या माणसाच्या बुडाखाली आहे.