आई सिस्टरच्या हातचं जेवली तो दिवस

माझ्या आईने एकोणीस वर्षं शेजारणीच्या घरचा घोटभर चहासुद्धा प्यायला नाही.

ती शेजारीण, आमची अन्नम्मा सिस्टर, आज सकाळी केरळात आपल्या घरी वारली. झोपेतच. तिच्या नवऱ्याने, जॉर्ज अंकलनी, फोन करून सांगितलं.

रडकी पोस्ट लिहायची नाही असं ठरवून बसलेय. ही बाई इंजेक्शन देतानासुद्धा हसायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणजवळ आमच्या वाडीत मिशनचा एक छोटा दवाखाना होता. हे नवरा-बायको तिथे आले तेव्हा पन्नाशीला पोचले होते. सिस्टर नर्स. अंकल औषधं द्यायचे आणि रविवारी प्रार्थना घ्यायचे.

प्रार्थनेला माणसं किती? हे दोघं आणि मालवणहून रिक्षा करून येणारं एक कुटुंब. पाऊस असला की फक्त हे दोघं. तरी अंकल कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

दवाखान्यात मात्र जत्रा.

माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी एसटीचा संप होता. सिस्टरनेच त्याला आमच्या माजघरात जगात आणलं. आई तिला खूप मानायची.

पण तिच्या घरचं शिजलेलं खायचं नाही, हा माझ्या आजीचा नियम. आजी गेली, नियम राहिला.

आई कुंपणावरून डबे द्यायची. खतखतं, घावणे, नारळीपौर्णिमेला नारळीभात. ते दोघं चाटूनपुसून खायचे.

आणि आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, हे सिस्टर पहिल्याच महिन्यात शिकली.

म्हणून आमचे डबे भरून परत यायचे. लिंबं, कढीपत्ता, परसातली केळी, एखादा नारळ.

सगळं कच्चं. एकोणीस वर्षांत एकदाही शिजवलेलं काही नाही.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं, एवढंच.

(मी तिच्या मागच्या पडवीत बसून किती अप्पम हाणले, ते आईने ही पोस्ट वाचून विचारू नये.)

तीन वर्षांपूर्वी मिशनचं पत्र आलं. सेवा पूर्ण झाली, आता घरी जा. शाळेत निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, सरपंचांचं संपता न संपणारं भाषण. अंकल स्टेजवर डुलक्या काढत होते.

परत येताना सिस्टर माझ्याशी बोलली. म्हणाली, इथून जाताना एकच गोष्ट राहिली. तुझ्या आईला एकदा माझ्या हातचं वाढायचं होतं.

मी म्हटलं, मग विचार ना.

नको म्हणाली. आई नाही म्हणेल, आणि मग जाताना दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघता येणार नाही.

आता मी काय गप्प बसणारी आहे? घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मलाच वाटलं, उगाच बोलले.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या दिवशी, सकाळीच आई ठेवणीतलं लुगडं नेसली आणि कुंपणाला वळसा घालून त्यांच्या पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, आज मी तुज्याकडे जेवक इलंय."

सिस्टर बघतच राहिली.

कारण घरात काहीच नव्हतं! गॅस परत केलेला. भांडी वाटून टाकलेली, त्यातली दोन तर आमच्याच फळीवर. अंकलनी गडबडीने प्रवासासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा पुढे केला.

सिस्टर आधी रडली, मग हसायला लागली. आईला मात्र राग आला. एकोणीस वर्षांनी माणूस जेवायला येतं आणि घरात चूल नाही म्हणजे काय!

मग म्हणाली, "चल, माज्या घराक येवन रांध."

मित्रांनो, त्या स्वयंपाकघरात माझ्या सख्ख्या आत्यालाही डाव हलवायची परवानगी नव्हती.

अंकल माझ्या स्कूटीवर मागे बसून बाजारातून सुरमई घेऊन आले. दोरीने बांधलेली ट्रंक सोडून सिस्टरने माशात घालायची केरळातली काळी आंबट चिंच बाहेर काढली. आई म्हणाली, आंबटाला सोलं आहेत की घरात. सिस्टर म्हणाली, आज माझ्या पद्धतीने.

आणि आमच्या मातोश्री स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारख्या पाटावर बसल्या. खोबरेल तेलात कढीपत्ता पडला तेव्हा आईचा जीव किती वरखाली झाला, ते मी पाहिलंय. पण पाटावरून हलली नाही.

सिस्टरने वाढलं. आईने पहिला घास घेतला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

"मीठ जरा कमी आसा," आई म्हणाली. आणि तीन वेळा भात घेतला.

सिस्टर आईच्या पानाकडे बघत होती, तसं समाधान मी तिच्या तोंडावर कधीच पाहिलं नव्हतं. दुपारी कणकवलीला गाडीत बसेपर्यंत ती जमिनीवर नव्हती. अंकल म्हणाले, शाल मिळाली तेव्हा इतकी खूश नव्हती.

आज फोन ठेवल्यावर आई उठली. सरळ जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आली. मी पूजेसाठी फुलं काढायला निघाले होते, तर म्हणाली, "देवाक हात लावू नको. आपल्याक सुतक आसा."

मी म्हटलं, अगं, सुतक भावकीचं असतं.

"माका म्हायत आसा," आई म्हणाली, आणि केस पुसत आत गेली.

दहा दिवस आमच्याकडे मासे नाहीत. आमच्या आईने दहा दिवस मासे सोडणं म्हणजे काय, ते मालवणी माणसाला सांगायला नको.

सिस्टर मावशी, सुखाने जा. आमच्या सगळ्या घराचा तुला नमस्कार.