स्ट्रासबर्गात भांडी वाजली

आम्ही उदगीरकर. एसटीत बसून जरा पुढं गेलं की दुकानांच्या पाट्यांवर कानडी सुरू होतं, चहा मात्र तोच. पण स्ट्रासबर्गात ट्राम नदीच्या पुलावर चढली अन् लेक म्हणाली, "बाबा, जर्मनी आली." ना चौकशी, ना पोलीस. बाळाचे डायपर तिकडं स्वस्त म्हणून फ्रान्समधल्या बायका पिशवी घेऊन परदेशी जाऊन येतात. जावयाची नोकरीपण पुलापलीकडंच. म्हटलं, घ्या!

मी आलो होतो नातीसाठी. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आलेली, पाळणाघरात जागा न्हाई. दिवसभर बाळ माझ्या हवाली करायचं का, हे ती मला बघून ठरवणार होती. न्हाई जमलं तर नोकरी सोडणार. "बाबा, तुम्ही लई घाबरता," असं तिनं तोंडावर सांगितलं. लेक माझीच, जीभपण माझीच.

शहर देखणं हाय, खोटं कशाला बोलू? तांबूस दगडाचं उंचच उंच चर्च हाय, लोक माना वर करून फोटो काढतात. मी ते पडलं तर कुठवर येईल ते बघितलं अन् त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. जुनी लाकडी सांगाड्याची घरं दिसली, की आधी तुळई कुणाच्या डोक्यात बसेल तेच दिसायचं. वेड म्हणा. हायच वेड.

लेकीचं घर गावाबाहेर, उपनगरात. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. उदगीरला येण्याआधी आम्ही खेड्यात होतो, तिथं भूकंपानंतर सरकारनं आम्हाला नवं गाव बांधून दिलं, तेपण असंच आखीव होतं. पहिल्या संध्याकाळी खिडकीशी उभा राहिलो, तर वाटलं, आता आमच्या जुन्या गावातलं कुणीतरी गेलेलं माणूस कोपऱ्यावरून येईल. कुणी आलं न्हाई. तरी मी रोज बघत राहिलो.

एका दुपारी लेक ऑफिसात जाऊन येते म्हणाली. बाळ माझ्या मांडीवर. समोरच्या रस्त्यावर रोलर चालू झाला अन् ओट्यावरची भांडी वाजायला लागली. रोलर मला दिसत होता हो, कळतपण होतं. पण पाय कुणाचं ऐकतात? बाळाला छातीशी धरलं अन् अनवाणी अंगणात पळालो. थंडी अशी, की विचारू नका. शेजारची म्हातारी घोंगडी घेऊन आली, बाळाला गुंडाळलं, काहीबाही विचारत राहिली. तिला काय सांगू, अन् कुठल्या भाषेत? रोलर गेला तरी मी आत गेलो न्हाई.

लेक आली अन् आम्हाला बघून पांढरी पडली. "बाबा, वेडे झालात का? इथं काही होत नाही!"

"असंच म्हणून आम्ही आत झोपायला गेलो होतो, माय."

मग मी सांगत गेलो. भूकंपाआधी कित्येक महिने बारीक धक्क्यांनी आमची भांडी वाजायची. लोक बाहेर झोपायचे, शेवटी कंटाळून आत गेले. गणपती विसर्जन करून झोपलो अन् पहाटे गाव पडलं. "तू पाळण्यात होतीस. तुला उचलून मी बाहेर आलो. तुझी आई मागंच होती. म्हणाली, व्हा पुढं, आलेच." हे शेवटचं मी तिला आजवर सांगितलं नव्हतं.

ती बाळ घेऊन आत गेली. मला वाटलं, झालं, आता माझं तिकीट काढते.

संध्याकाळी काहीतरी ओढल्याचा आवाज आला. लेक बाळाची खाट आतल्या खोलीतून सरकवत सरकवत बाहेरच्या दाराशी आणत होती. जावई म्हणाला, इथं वारा लागेल, इथं कशाला? तिनं खाट तिथंच लावली. "सोमवारपासून मी कामाला जाते," माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाळाला इथंच झोपवत जा."

बाळ माझ्या हवाली झालं होतं. मी खुश व्हायला पाहिजे होतं. पण वळताना लेकीनं एकदा वर छताकडं नजर टाकली, अगदी माझ्यासारखी, अन् मला रडू फुटलं.