आवाजाचा प्रश्नच नाही

आमच्या कंपनीत नेटवर्कचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी कधीकाळी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता एवढ्याच कारणानं. मी खरेदी विभागात होते. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि साहेब म्हणाले, "तुम्हीच बघा की आता. एजन्सी आहेच मदतीला." एजन्सी म्हणजे एक इंजिनिअर. मी फोन केला की तो कायम गाडी चालवत असायचा.

आम्ही गाड्यांचे बारीक सुटे भाग बनवतो. ऑफिस चिंचवडला, मोठा प्लांट चाकणला आणि जुनं वर्कशॉप चिखलीत. चिखलीत आता फक्त तयार मालाची तपासणी होते. नकाशावर तिन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यालाच ते अंतर ठाऊक. म्हणून लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली सकाळची व्हिडिओ मीटिंग नंतरही तशीच चालू राहिली.

अडचण चाकणची होती. तिथे सतत कोणीतरी रस्ता खणत असे आणि आमची केबल तुटत असे. मग गच्चीवरच्या अँटेनाच्या बारीकशा लाइनवर सगळा प्लांट चालायचा. त्याच लाइनवर प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर, त्याच लाइनवर व्हिडिओ. मीटिंगमध्ये साहेब 'डिस्पॅच' म्हणायचे आणि चाकणला फक्त 'पॅच' पोचायचं. कुणाचं तोंड उघडं राहून तसंच थिजायचं, आणि बाकीचे त्या उघड्या तोंडाकडे बघत बसायचे.

इंजिनिअरनं मला बँडविड्थ समजावून सांगितली. आधी नळाचं उदाहरण दिलं, मग रस्त्याचं, मग परत नळाचं. मला नळ कळत होता, रस्ता कळत होता, लाइन मात्र कळत नव्हती. ती दुपारी रिकामी असताना व्हिडिओ का अडकतो आणि गच्च भरलेली असताना एखादा कॉल सुरळीत कसा चालतो, हे विचारलं की तो म्हणायचा, "ताई, तसं होतं कधीकधी." मी ते 'तसं' समजून घ्यायला यूट्यूबवर बसायचे आणि आणखीच गोंधळून उठायचे.

शेवटी आम्ही मर्यादा घालायचं ठरवलं. आवाजाला पहिला मान. त्याच्यामागे प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर. उरेल त्यात चित्र, आणि तेही प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मापाच्या पुढे जाणार नाही. जिथे वाचलं तिथे हाच सल्ला होता: आवाज वाचवा, चित्राचं काय एवढं!

सोमवारपासून ते लागू केलं आणि पहिल्याच मीटिंगला सगळ्यांचं बोलणं खणखणीत ऐकू आलं. चाकणचे प्लांट मॅनेजर तिथल्याच जवळच्या गावचे. ते म्हणाले, "म्याडम, आता बेस हाय. तोंडं न्हाई दिसली तरी चालंल, रोजचीच हायत." सगळे हसले. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला नेटवर्क येतं.

हे समाधान दुपारपर्यंत टिकलं. चिखलीहून तक्रार आली: व्हिडिओ नीट दिसत नाही.

मी तिथल्या सुपरवायझरना फोन लावला. वयस्कर, शांत माणूस, मूळचे लातूरकडचे. "आवाज येतोय ना?" मी विचारलं.

"आवाजाचा काही प्रश्नच नाही, मॅडम."

"मग झालं तर. चित्र थोडं खराब दिसेलच. लिमिट लावलंय आपण."

मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता. "बरं," ते म्हणाले. मी तक्रार बंद केली.

दुसऱ्या दिवशी तीच तक्रार आली, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच विचारलं, की आवाज येतो, काम होतं, मग चित्र इतकं कशाला हवंय? त्यांनी काहीतरी सांगितलं, पण ग्राइंडरच्या आवाजात मला 'बोलता येत नाही' एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, आत्ता कामात आहेत, बोलता येत नाही म्हणताहेत. मी फोन ठेवला.

मग मी कॉलची माहिती उघडून बघितली आणि खरी चक्रावले. चिखली आणि चाकण यांच्यात रोज दुपारी एक कॉल होत होता. लांबलचक. दोन्हीकडचे कॅमेरे चालू आणि दोन्हीकडचे माइक बंद. म्हणजे दोन माणसं एकमेकांना नुसती बघत बसली होती? मला काही अर्थ लागेना. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, "कुणीतरी मॅच लावून ठेवली असेल." पण मॅच लावायला दोन कॅमेरे कशाला? "मग कॅमेरा बंद करायला विसरत असतील. ज्या कॉलमध्ये आवाज नाही तो आपोआप तोडायची सोय आहे, टाकू का?"

मी "थांबा" म्हटलं. माझ्याकडे कारण काहीच नव्हतं. इतकंच, की विसरलेला कॅमेरा रोज त्याच सुमाराला चालू कसा होतो, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्या आठवड्यात खरेदीच्या कामानं चिखलीला जायचंच होतं. म्हटलं, डोळ्यांनी बघू.

वर्कशॉप भंगाराच्या गोडाऊनमागे आहे. सुपरवायझर मला तपासणीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक बाई टेबलापाशी बसली होती, साधारण माझ्याच वयाची, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. समोर खोक्याला टेकवलेला टॅब. तिच्या एका हातात आमचा एक भाग होता आणि दुसरा हात हवेत भराभर चालला होता. टॅबवर निळ्या शर्टातला एक माणूस दिसत होता. दिसत होता म्हणजे, चौकोनांचा एक ढीग दिसत होता. त्यानं हात हलवला की बोटांच्या जागी करडा धूर व्हायचा आणि मग एकदम हात दुसरीकडेच उगवायचा. बाई मान पुढे करून बघायची, हातानं 'परत' असं काहीतरी करायची आणि पुन्हा धूर.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण तेव्हाही मला आधी वाटलं, यांचा माइक बिघडलाय म्हणून बिचारे हातवारे करताहेत. मी वाकून माइक चालू करायला बोट पुढे केलं. सुपरवायझर हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांना ऐकू येत नाही. दोघांनाही. जन्मापासून."

मी बोट मागे घेतलं.

"म्हणूनच म्हटलं की आवाजाचा प्रश्न नाही," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं.

दोघं एकाच शाळेत शिकलेले. तो चाकणला मशिनवर भाग कापायचा, ही इथे ते तपासायची. भोकाची कड खरखरीत आली की ती त्याला तिथल्या तिथे दाखवायची, तो मशिनमध्ये फरक करायचा. "लिहून नाही का सांगता येत?" मी विचारलं. सुपरवायझर म्हणाले, येतं, पण लिहिलेली मराठी त्यांना परकी पडते. चार ओळींत जे नीट सांगता येत नाही ते हातानं एका क्षणात होतं. आणि काम झालं की जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या गप्पा.

माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. मशिनच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू येऊ लागलं, पण ते कधीच कबूल करायचे नाहीत. आम्ही घरात ओरडून बोलायचो. बुद्धविहारात कार्यक्रम असला की ते पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी आल्यावर आईला विचारायचे, काय म्हणाले ते? मला वाटायचं, ऐकू न येणं म्हणजे काय ते मला घरातच कळलंय. त्या खोलीत उभं राहून लक्षात आलं, की आमच्या घरातली गोष्ट वेगळी होती आणि ही वेगळी. वडिलांचं काहीतरी कमी झालं होतं. या दोघांचं बोलणं मात्र सगळंच्या सगळं होतं. त्याला फक्त चित्र लागत होतं.

ऑफिसला परतले आणि दुरुस्तीला लागले. वाटलं, सोपं आहे, या कॉलची मर्यादा वाढवायची. वाढवली. चित्र स्वच्छ झालं, पण चाकणच्या बारीक लाइनवर ते मोठं चित्र पेलेना आणि थांबून थांबून येऊ लागलं. इंजिनिअर म्हणाला, हातांना स्वच्छतेपेक्षा गती हवी. चित्र लहान करा, पण सेकंदाला जास्त वेळा पाठवा. हे त्याचं पहिलं वाक्य, जे मला एका फटक्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिंचवडहून त्यांच्या कॉलमध्ये तिसरी म्हणून शिरले. एका बाजूला सेटिंगची खिडकी, दुसऱ्या बाजूला ते दोघं. सुपरवायझर नेमके बाहेर गेले होते. मी बदल केला आणि अंगठा वर करून, भुवया उंचावून विचारलं, ठीक आहे का?

दोघांनी हात वर करून पंजे गदागदा हलवले.

मी म्हटलं, अरे देवा, चित्र अजून हलतंय. मी गती कमी केली. दोघांचे चेहरे पडले, बाईनं नकारार्थी मान हलवली. मी घाईघाईनं गती परत वाढवली. पुन्हा दोघांचे हात वर, पंजे गदागदा. मग मी चित्र आणखी लहान केलं. चाकणचा माणूस कपाळाला हात लावून मागे टेकला. मी मागचं सेटिंग आणलं, परत पंजे. जे आकडे मला बरोबर वाटत होते, त्यावरच ते 'हलतंय, हलतंय' म्हणत होते, आणि बिघडवलं की गप्प होत होते. मी स्क्रीनपुढे हात जोडले. त्यावर बाई इतकी हसली की टॅब घसरून आडवा झाला आणि मला वर्कशॉपचे पत्रे दिसू लागले.

टॅब सरळ करायला सुपरवायझर आले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "हे दोघं सारखे म्हणताहेत चित्र थरथरतंय, आणि मला इथे सगळं बरोबर दिसतंय हो."

ते हसायला लागले. "थरथरत नाही मॅडम. टाळ्या वाजवताहेत तुमच्यासाठी. त्यांच्यात अशाच वाजवतात."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मर्यादांची यादी बघितली आणि विचारलं, "चिखलीच्या एका टॅबला वेगळी वागणूक कशासाठी? उद्या सगळे मागतील."

मी सांगितलं. त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली. मग त्यांनी विचारलं, "पण कॉलमध्ये आवाज नाही, तर रिपोर्टमध्ये तो मीटिंग म्हणून धरायचा की नाही?"

मी रिपोर्ट उघडून दाखवला, तो रकाना रिकामाच होता. "राहू दे तसंच," ते म्हणाले, आणि ते आजही तसंच आहे. चाकणची केबल तुटते त्या दिवशी मी आता सकाळच्या मीटिंगमधले सगळे कॅमेरे बंद करायला लावते आणि दुपारी त्या दोघांच्या कॉलला पहिली जागा देते. प्लांट मॅनेजर म्हणतात, "व्हय, करा की, आमाला काय, आमी बोलून घेतो."

नंतर एकदा ती बाई आरोग्य तपासणीसाठी चिंचवडला आली आणि कँटीनमध्ये नेमकी माझ्यासमोर बसली. यूट्यूबवरून शिकलेल्या चार-पाच खुणा मी तिला करून दाखवल्या. 'जेवलीस का' विचारायला गेले, पण तिनं डोळे मोठे केले ते बघून मी नक्की काय विचारलं याची मला शंका आली. तिनं माझी बोटं धरून दुरुस्त केली. मग शेजारी बसलेल्या, तिच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला माझी ओळख करून दिली. ओळख म्हणजे एक खूण: कपाळापाशी दोन बोटं, आणि मग ती बोटं हवेत गोल फिरवत वर. मैत्रिणीनं तीच खूण पुन्हा केली, माझ्याकडे बघितलं आणि ओळख पटल्यासारखी मान डोलावली. म्हणजे ही माझी खूण, नावासारखी, आधीपासून त्यांच्यात चालत होती तर.

मी उठून बाहेर गेले आणि सुपरवायझरना फोन करून विचारलं, की या खुणेचा अर्थ काय? ते म्हणाले, "फोनवर कसं कळणार मॅडम? दाखवा." व्हिडिओ लावून दाखवली. त्यांनी दोनदा करायला लावली आणि म्हणाले, "विचार करणारी, असं असेल. किंवा गोंधळलेली. बोटं कशी फिरली त्यावर आहे."

मी पुन्हा टेबलापाशी आले तेव्हा ती भाजीत पोळी बुडवत होती. तिनं माझ्याकडे बघून तीच खूण केली. मी बोटांकडे नीट लक्ष ठेवलं, तरी काही कळलं नाही. मग मीही कपाळाशी दोन बोटं नेली, जमेल तशी फिरवली, आणि तिनं आपला डबा माझ्याकडे सरकवला.