पाटावरचा चाकू

झेंडूचा उग्र दरवळ आणि पात्यांना चोळलेल्या तेलाचा मंद वास एकमेकांत मिसळला की माझ्या मनात खंडेनवमी उजाडते, आणि तिच्यामागोमाग एक जुना अंधारही. बाहेर कोथरूडचं ऊन लख्ख पडलं आहे. आत पाटावर तुझ्या आजोबांची हत्यारं मांडायची आहेत: कानस, करवत आणि बोटभर पात्याचा घडीचा चाकू.

निहार, काल तू फोनवर नवा सुरा दाखवलास. केवढा तो! पाठीला दातेसुद्धा. "आजी, याने झाडही तुटेल!"

"अरे, डोंगरात झाडं तोडायला चाललायस की धड घरी परत यायचंय?"

"चिल, आजी!" म्हणत तू हसलास. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर आधी आजोबांचा तो घडीचा चाकू काढून ठेवला.

ज्यांना तू फक्त तसबिरीत पाहिलंस, ते आजोबा खडकीच्या कारखान्यात धातूच्या सहवासात रमत आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या कड्यांवर. करवंदीची जाळी वाट अडवते तिथे कोयता, दोर आणि पट्ट्यांसाठी खिशातला छोटा चाकू, हे त्यांचं ठाम मत. किती नेमकी समज! आणि तरीही त्या खंडेनवमीला, सकाळची पूजा आटोपून ते मित्रांबरोबर निघाले तेव्हा चाकू पाटावरच राहिला.

"अहो, तेवढा चाकू घ्या की."

"पूजेतलं शस्त्र दसऱ्याआधी हलवत नाहीत. मित्राचा कोयता घेतलाय."

"शस्त्र कसलं? पेरू कापता तुम्ही त्याने!"

"मग पेरूंना सांग, आज सुट्टी," म्हणाले आणि जिना उतरले.

कड्यावरून दोराने उतरताना त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा दोराच्या कडीत ओढला गेला आणि ते अधांतरी अडकले. तेवढा पट्टा कापला की सुटका! कोयता कमरेलाच होता; पण कोयत्याला घाव घालावा लागतो, आणि त्या पट्ट्याला खेटूनच त्यांना तोलून धरणारा दोर होता. घाव घालायचा तरी कुठे? "छोटा घरी राहिला रे!" एवढंच ते वर ओरडून म्हणाले. मांड्यांचे पट्टे आवळून रक्त अडत गेलं; काही तासांनी सोबती त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्या टांगलेल्या देहात प्राण उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी गल्लीत आपट्याची पानं वाटली जात होती, आणि आमच्या पाटावर तो चाकू फुलाखाली तसाच होता, स्वच्छ, तेल लावलेला, कुणीही न हलवलेला.

तेव्हापासून दर वर्षी तो मी पाटावर ठेवत आले. श्रद्धेवर माझा राग नाही. पण जे पातं वेळेला हाताशी नाही, त्याला फूल वाहून काय मिळवायचं?

शेजारची मंजिरी उद्या तुझ्या गावी निघते आहे. तिच्या मोठ्या बॅगेत तो चाकू येतो आहे. उजव्या खिशात ठेव, दोरीने बांधून. एका हाताने उघडायचा सराव घरीच कर. तुझा सुरा तंबूपाशी खुशाल मिरव.

मघाशी पाट मांडला. चाकूच्या जागी नुसतंच झेंडूचं फूल ठेवलं आहे. बोटांना त्याच्या तेलाचा वास अजून आहे, आणि तू परत येईपर्यंत ती जागा मी भरणार नाही.