मुराचा कान

रफिलाने टोचलेला कान गावात लगेच ओळखू यायचा. भोक कसं, शीर चुकवून, पाळीच्या अगदी मधोमध. अपुसेनी डोंगरातल्या त्या वाडीत डुक्कर तापलं, धापा टाकू लागलं, की लोक जनावरांच्या डॉक्टरच्या आधी तिच्या दारात. ती छपराला टांगलेल्या फडक्यातून स्पिंझची वाळकी काळी मुळी काढायची. विषारी झाड ते, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आरीने कानाला भोक पाडून मुळीचा तुकडा त्यात सारायची आणि सांगायची, "उद्या कानाला हात लावून बघा. गरम होऊन फुगला असेल, तर जनावर तुमचं. थंडच असेल, तर सुरीला धार लावा."

हा नियम तिला सासूने दिला होता आणि तो सहसा चुकत नसे. मुळी अंगातलं विष ओढून घेते आणि ते पू होऊन बाहेर येतं, अशी तिची पक्की समजूत. तो पू ती नाक मुरडून उकिरड्यावर फेकायची. नवरा गव्रिला – गेलेल्या माणसासाठी तिथे म्हणतात तसं, देव त्याला क्षमा करो – जेवायला बसला की म्हणायचा, "आधी हात धू बाई, नाहीतर माझ्याही कानात मुळी घालशील."

गव्रिला गेल्यावर घरात ती आणि मुरा, तिची काळी डुकरीण. मुलगा विओरेल स्पेनमध्ये गवंडीकाम करायचा आणि दर फोनवर तेच म्हणायचा, "आई, चल इकडे. एकटी काय करतेस तिथे?"

"एकटी कुठे? मुरा गाभण आहे. ती व्याली की बघू."

मुरा दरवर्षी व्यायची आणि दरवर्षी ते बघणं राहून जायचं. विओरेलला ही चलाखी कळत नव्हती असं नाही. त्या डिसेंबरात इग्नातसाठी तो आधीच घरी आला. इग्नात म्हणजे नाताळआधी डुकरं कापायचा दिवस. कापायला दुसरं डुक्कर पोसलेलं होतंच.

इग्नात जवळ आला की डुकराला स्वप्नात सुरी दिसते आणि ते खाणं टाकतं, असं तिथे लहान पोरंही सांगतात. मुराने कोंड्याकडे पाठ फिरवली तेव्हा शेजारीण कुंपणावरून ओरडली, "रफिला, तुझ्या राणीसाहेबांना स्वप्न पडलं वाटतं!" रफिलाही हसली. गावभर डुकरांच्या दुखण्यावर हात फिरवणाऱ्या बाईने स्वतःच्या डुकरिणीचं दुखणं स्वप्नावर सोडलं. मुरा आडवी झाली, पोटाशी चौकोनी लाल चट्टे उठले, तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले. तिने आरी उचलली आणि मुळी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कान चाचपला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण कान थंड, पानासारखा पातळ.

विओरेलने तिचं तोंड बघितलं आणि सुरी काढली. "तुझाच नियम आहे, आई. तिचे हाल कशाला? आणि ही गेली की तू माझ्याबरोबर चल. आता सबब उरली नाही."

लोकांना किती सहज सांगितलं होतं तिने, सुरीला धार लावा म्हणून! तेच आता मुराबद्दल तिला म्हणवेना. तिने आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर ऑक्टाव्हियन खोकत आला, मुराला पेनिसिलिन टोचलं, दुसऱ्या कानातून रक्त घेतलं. विओरेलला म्हणाला, "सुरी ठेव बाजूला. ह्या तापातलं मांस खायचं नसतं आणि कापताना तुझा हातही सडेल." मग रफिलाकडे वळला. "मावशी, चला माझ्याबरोबर. चाळीस वर्षं जे करताय ते एकदा बघा तरी."

दवाखान्यात त्याने काचेवर रक्त पसरून रंगवलं. रफिलाने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बघितलं. फिकट गोल ठिपक्यांची जत्रा, आणि त्यात मोठाल्या, जांभळ्या गाभ्याच्या पेशी.

"ह्या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढतात त्या ह्याच. जुन्या जाणत्यांचा गाभा तुकड्यातुकड्यांचा असतो, माळेतल्या मण्यांसारखा. इथे मणी किती कमी आहेत बघा. आणि घोड्याच्या नालेसारखा वाकलेला गाभा दिसतो?"

"तसलेच तर जास्त दिसताहेत."

"ती कोवळी पोरं. हाडांच्या मज्जेत तयार होतात. मोठे खपले, म्हणून अंगाने अर्धवट वाढलेलीच लढायला धाडलीत."

"मरतील की हो ती!"

"मरतातच. जंतूला गिळतात आणि तिथेच पडतात. तुम्ही पू म्हणून फेकता ना, त्यात ह्यांचीच प्रेतं असतात."

रफिलाने नळीवरून डोळा काढला. मग हळूच विचारलं, "आणि माझी मुळी?"

"ती काही ओढत नाही. ती कान जाळते, म्हणून ही तिकडे धावतात. आग लागल्यावर थाळी बडवावी तसं."

"म्हणजे थंड कान..."

"म्हणजे धावायला सध्या कोणी मोकळं नाही. पण मागून येताहेत. औषध जंतूंना खिळखिळं करेल, उरलेलं काम ह्या पोरांचं."

तिने परत नळीला डोळा लावला. एका डुकरिणीच्या थेंबभर रक्तात एवढं सगळं! आणि कोणी हुकूम दिला नाही, कोणी नाव विचारलं नाही. तिला रडू आलं. डॉक्टरने बघूनही न बघितल्यासारखं केलं.

घरी आल्यावर ती विओरेलला एवढंच म्हणाली, "उद्यापर्यंत थांब."

इग्नातची सकाळ उजाडली. अंगणाअंगणातून डुकराचे केस जाळायला गवत पेटवल्याचा धूर, किंकाळ्या, पुरुषांच्या आरोळ्या. रफिला गोठ्यात गेली. दारात उभी राहून तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि कानाला हात लावला. कान गरम होता. जाड, घट्ट, ताज्या पावासारखा गरम. तिने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला, आणि मुराने डोळा उघडून कुरकुर केली.

"विओरेल!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारीणही कुंपणाशी आली.

नाताळ सरला तोवर मुरा कोंड्यात तोंड घालू लागली होती. विओरेलची बॅग भरून झाली होती, त्यात आईचं काहीच नव्हतं. निघण्याआधी तो गोठ्यात डोकावला. कानातली गाठ फुटली होती आणि रफिला गुडघ्यांवर बसून पू पुसत होती. ते फडकं तिने उकिरड्यावर टाकलं नाही. घडी घातली, सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा केला, त्यात ठेवून माती लोटली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"देव त्यांना क्षमा करो," ती पुटपुटली.

"कोण गेलं, आई?" विओरेलने दचकून विचारलं.

"पोरं," रफिला म्हणाली आणि हात धुवायला गेली.