वासराचा कान कुणाचा

नासिएकू धडधाकट वासरांना सुईने ओल्टिकाना लावते, अशी कुजबूज सिमांजिरोच्या आमच्या माळावर एकेकाळी जोरात होती. सकाळी पाणवठ्यावर जन्मलेल्या या गोष्टीला संध्याकाळी मधाच्या दारूपर्यंत पोचता पोचता शेपूटही फुटलेलं असे.

ओल्टिकाना हा गोचिडीतून येणारा रोग म्हणजे आमच्या वासरांचा काळच. कानाखाली गाठ येते, ताप चढतो, नाकातून फेस येतो आणि वासरू जातं. नासिएकूचा नवरा वारल्यापासून कळपाचा कारभार थोरल्या दिराकडे, पार्मेतकडे होता. दूध मात्र बाईच्या हक्काचं. पण वासरू मेलं की गाय आटते, आणि तिची पोरं नुसत्या लापशीवर निजतात.

गुरांचा डॉक्टर ओल्टिकानावरच्या लसीची धूर सोडणारी थंडगार टाकी घेऊन आला तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं आणि वासरं पुढे केली. पार्मेत काठी आपटत आला. डॉक्टरच्या गाडीच्या चालकाने त्याला आधीच कळवलं होतं, की ही लस गोचिडी वाटून करतात.

"गोचिडी टोचून घेतेस होय गं? वासरं मेली तर?"

"भावजी, दरवर्षी तुमच्या परवानगीने मरतात. यंदा माझ्या परवानगीने मरू देत."

"एक जरी मेलं तरी तू माहेरी जाशील. पोरं इथंच राहतील, आमच्या कुळाची आहेत ती."

ती वासरांकडे वळली. मग तिने पहिल्या वासराची मान गुडघ्यात दाबली आणि डॉक्टरला म्हणाली, "टोचा."

खरा भडका उडाला तो बिल्ल्यावरून. लस दिलेल्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकतात. आमच्यात कानाला खूण करायची ती पुरुषांनी, कुळाची.

"कानाला हात लावू नकोस," पार्मेत गरजला. "कान आमचा आहे."

"मग त्यात गोचीड येऊन बसते तिला विचारलंत कधी, बाई तू कुठल्या कुळाची?"

म्हातारे हसले. पार्मेत आणखी चिडला, पण बिल्ले बसलेच.

काही दिवसांनी तांबड्या वासराला ताप आला. कानाखाली गाठही आली. पार्मेत गाठीला डाग द्यायला लोखंड तापवून घेऊन आला, मागून अख्खी वस्ती. कुणीतरी तर तिचं बोचकंही बांधून आणलं होतं. आमच्याकडे शेजारधर्म फार.

ती वासराला पाठीशी घालून बसली. "आधी माझ्या मानेला लावा. मग याच्या."

लोखंड निवलं. लोक कंटाळून घरी गेले. ताप उतरला, आणि तांबडं उठून गाईला लुचायला लागलं.

पावसानंतर गोचिडी माजल्या. पार्मेतची वासरं पटापट गेली. पिवळ्या बिल्ल्यांची, कानात गोचिडी घेऊन, खुशाल चरत राहिली. मग डॉक्टरची गाडी पुन्हा आली त्या सकाळी पार्मेत उरलेली वासरं हाकत तिच्या दाराशी आला.

"यांनाही टोचून घे. फक्त कान सोड."

"कान नाही तर सुई नाही, भावजी."

त्याने स्वतःच वासराचा कान धरला. पोरं तिच्याजवळच राहिली.

आता त्या कुजबुजीचं. ती अगदीच खोटी नव्हती: सुईत ओल्टिकानाच होता, जिवंत. दुसऱ्या सुईत त्याला आवरणारं औषध होतं. दोन्ही एकाच वेळी टोचत.